पालथा पाव

१

जिल्दासबरोबर गढ्या बघत फिरणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. अकरा वर्षं झाली. तो निवृत्त झाला तेव्हापासून दर सप्टेंबरात आम्ही आमची निळी खटारा गाडी काढतो, आँजेहून निघतो आणि तीन आठवडे बेरी, पॉइतू या प्रांतांत, कधीकधी थेट पेरिगोरपर्यंत भटकून येतो. नदीकाठचे मोठे राजवाडे नाहीत हं. तिथे बसगाड्या येतात, आणि बसमधून उतरणाऱ्या माणसाला कुलूप कशाशी खातात ते कळत नाही, असं जिल्दासचं मत आहे. आमच्या वाट्याला येतात त्या आडगावातल्या गढ्या, ज्यांचं छप्पर गळतं आणि ज्यांची मालकीणच बुटांचा चिखल झटकत तिकीट फाडते.

कुलपं हा जिल्दासचा धंदा. आँजेच्या कॅथेड्रलमागे त्याचं दुकान होतं आणि चाळीस वर्षं त्यानं किल्ल्या कानशीनं घासल्या. त्यामुळे बाकीचे लोक छत बघतात, तसबिरी बघतात, आणि माझा नवरा दाराशी उकिडवा बसून किल्लीच्या भोकाला डोळा लावतो. सगळे पुढच्या दालनात जातात, वाट दाखवणारी बाई बोलायला लागते, आणि हा अजून मागेच. तोंड मिटून नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत. त्या गाण्याला सुरुवात नाही, शेवट नाही. एक्केचाळीस वर्षांत मला ते ओळखता आलेलं नाही.

आपल्याकडे कुठलीही गढी घ्या, एक वाक्य ठरलेलं: ‘शेवटच्या माणसानं दार ओढून घ्यावं.’ थंडी आत येते, पाकोळ्या येतात, उन्हानं पडदे विटतात. आणि शेवटचा माणूस नेहमी माझाच नवरा. दार तो नुसतं ओढत नाही. किंचित उचलून ओढतो, कान लावतो, कुलपाची जीभ खाचेत बसून ‘टक्’ झालं की मान डोलावतो, आणि मग येतो. तोवर मी सगळ्यांच्या नजरा चुकवत उभी.

दुसरं म्हणजे पाव. पाव पालथा ठेवायचा नसतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पूर्वी बेकरीवाला जल्लादाचा पाव वेगळा आणि पालथा ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागू नये. आता जल्लाद राहिले नाहीत, पण पाव पालथा ठेवायचा नाही म्हणजे नाही. माझी आई मनगटावर चापट मारायची. जिल्दास मात्र रोज, न चुकता, पाव पालथा टाकतो. मी म्हणते, “जिल्दास, पाव सुलटा ठेव, अपशकुन असतो.” तो म्हणतो, “असू दे गं. जल्लादालाही भूक लागते.” आणि मी पाव सुलटा करते. आता तर मी बघतही नाही, हात आपोआप जातो.

खरं सांगायचं तर माझ्यातही एक खोड आहे. चष्मा डोक्यावर सरकवते आणि मग घरभर शोधत बसते. जिल्दासला दिसत असतं. पण बोलेल तर शपथ. पाव तास मला शोधू देतो, मजा बघतो, आणि मग म्हणतो, “बये, डोक्याला हात लावून बघ.” अशा वेळी त्याच्या डोक्यात तवा घालावासा वाटतो.

२

सेर्व्होलची गढी आम्हाला आधी माहीत नव्हती. सप्टेंबरच्या मध्यावर एका मंगळवारी, क्रूज नदीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला हातानं रंगवलेली पाटी दिसली: ‘अकरा वाजता.’ बाकी काही नाही. जिल्दासनं ब्रेक दाबला. मला त्या दिवशी बाजारात जायचं होतं, शेळीचं ताजं चीज घ्यायचं होतं. पण माझं कोण ऐकतो?

मालकीण सत्तरीची होती. रबरी बूट, खिशात झाडं छाटायची कात्री. मादाम द सेर्व्होल. आमच्याशिवाय एक बेल्जियन जोडपं होतं. त्यातल्या बाईंचं नाव गोडलीव्ह, फार गोड हसायच्या. मादामनं पहिल्याच दालनात शिकारीची शिंगं दाखवली आणि ठरलेलं वाक्य म्हणाली. वर एक पुस्तीही जोडली: “आणि एकदाच ओढा. एकदा पुरतं.”

पुस्तकांच्या दालनात आम्ही आलो. जिल्दासनं मागचं दार ओढलं. टक्. तो गुणगुणत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. आणि मग पुन्हा, टक्.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं दाराकडे. “पहिल्यांदा नीट लागलं नसेल,” मी हळूच म्हणाले. तो परत गेला, मूठ धरून पाहिली, खाचेत बोट घातलं आणि कपाळाला आठ्या घालून आला. “लागलंय. आणि लागलेलं दार पुन्हा लागत नाही, मारी. आधी उघडावं लागतं.” उघडल्याचा आवाज तर मी ऐकला नव्हता.

कुणी दुसरी असती तर तिच्या अंगावर काटा आला असता. मी वैतागले. म्हटलं, झालं, आता हा तासभर त्या दाराशी बसणार. आणि बसलाच. गोडलीव्ह म्हणाल्या की तुमचे यजमान फारच रमतात. तेव्हा मी बोलून गेले, सगळ्यांना ऐकू जाईल असं: “एकदा यांना आतच कोंडून ठेवा म्हणते मी. उरलेला महिना तरी सुखाचा जाईल.”

गोडलीव्ह हसल्या, त्यांचा नवराही हसला. मादाम हसली नाही. जिल्दास कुलपाशी वाकलेला होता, त्याची पाठ माझ्याकडे होती. त्यानं ऐकलं का, कोण जाणे.

३

शेवटचं दालन जेवणाचं. लांब टेबल, बारा जणांची ताटं मांडलेली, पुढे दोरी बांधलेली. दोरीच्या अगदी जवळच्या टोकाला, बाकीच्यांपासून हातभर दूर, तेरावं ताट होतं. त्याच्याशेजारी एक गोल पाव. पालथा.

अशा ठिकाणी मांडलेला पाव प्लास्टरचा असतो, वर धूळ असते. हा तसा नव्हता. त्याच्या बुडाला पीठ लागलेलं होतं, भाजल्याचा वास येत होता. आज सकाळचा असावा. मादाम पलीकडे भिंतीवरच्या थाळ्यांबद्दल सांगत होती. माझा हात दोरीवरून गेला आणि पाव सुलटा करून परत आला. मला कळलंसुद्धा नाही. कळलं तेव्हा मी आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं.

मागून जिल्दासनं हाक मारली. पुढच्या सज्जात उघडणाऱ्या दाराचं कुलूप सगळ्यात जुनं होतं. तो उकिडवा बसला होता, चेहरा लहान मुलासारखा फुललेला. “मारी, ये ना, बघ तरी. असं कुलूप मी जन्मात पाहिलं नाही.” मी म्हटलं, बघितलंय, खूप कुलपं बघितलीत. आणि बाकीच्यांच्या मागोमाग सज्जात गेले.

या एका गोष्टीचा मी नंतर किती विचार केला असेल. त्यानं बोलावलं होतं. मी गेले नाही.

सज्जात ऊन होतं. टक्, असा आवाज आला. मी मोजल्यासारखी थांबले. पुन्हा, टक्. मग जिल्दास आला. सरळ चालत आला आणि माझ्याही एक पाऊल पुढे, मादामच्या समोर जाऊन उभा राहिला. हात पाठीमागे बांधलेले. गुणगुणत नव्हता.

मादामनं त्याच्याकडे पाहिलं. मग एक मिनिट म्हणून ती मागे गेली, जेवणाच्या दालनात डोकावली, परत आली. “टेबलावरच्या कशाला कुणी हात लावला का?” असं तिनं विचारलं. गोडलीव्ह नाही म्हणाल्या, त्यांचा नवरा नाही म्हणाला. मीही नाही म्हणाले. एका पावाची ती काय गोष्ट, आणि परक्या बाईकडून बोलणी कोण खाणार?

४

दुपारी नदीकाठच्या अक्रोडाखाली आम्ही जेवायला बसलो. जिल्दासनं रुमाल पसरला, सुरकुत्या काढल्या, सुरी पुसली. पिशवीतून पाव काढून ठेवला. माझा हात गेला आणि पाव उलटा करून आला. मग मी पाहिलं, तर तो पालथा झाला होता. म्हणजे त्यानं सुलटाच ठेवला होता.

जिल्दासनं हलकेच तो पुन्हा सुलटा केला. “अपशकुन असतो ना गं?” तो म्हणाला.

मला हसू आलं नाही. मी त्याला विचारलं, बरं वाटतंय ना? तो म्हणाला, छान वाटतंय.

त्यानंतर सहा गढ्या झाल्या. सहाही ठिकाणी ‘चला’ म्हणायचा अवकाश, जिल्दास सगळ्यांच्या पुढे. एकाही दाराशी वाकला नाही. एके ठिकाणी तर त्यानं भिंतीवरच्या विणलेल्या पडद्याबद्दल प्रश्न विचारला. एक्केचाळीस वर्षांत या माणसानं पडद्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. दारं ओढायला मागे राहायचे मी. मला ती नीट ओढताही येत नव्हती. आपटायची, नाहीतर अर्धवट राहायची.

आम्ही एका शेतावर खोली घेऊन राहत होतो. तिथली बाई म्हणायची, असा नवरा मिळायला नशीब लागतं. तो गाडीचं दार उघडून धरायचा. कपबशी विसळून ठेवायचा. मी बोलताना मध्ये तोंड घालायचा नाही. मला याचाच इतका राग यायचा की सांगता सोय नाही. भांडायला काहीतरी तर ठेव, मेल्या! पण असं कुणाला सांगणार? नवरा चांगला वागतो अशी तक्रार घेऊन जगात कुठे जाता येतं?

एका सकाळी मी चष्मा शोधत होते. उशा उचलल्या, पिशवी ओतली. जिल्दास उठला, माझ्या डोक्यावरून त्यानं चष्मा अलगद काढला, रुमालानं पुसला आणि माझ्या नाकावर ठेवला. एक शब्द बोलला नाही. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. साठी उलटलेली बाई, नवऱ्यानं चष्मा पुसून दिला म्हणून रडते. माझं मलाच हे खुळ्यासारखं वाटलं.

मग बॅगेचं कुलूप अडकलं. इवलंसं, दोन बोटांनी उघडणारं. जिल्दासनं ते हातात घेऊन पाहिलं आणि बाजूला ठेवलं. “एखाद्या कारागिराला दाखवायला हवं,” तो म्हणाला.

मी मनाला समजावलं. अकरा वर्षांत हात सुटला असेल. बोटं दुखत असतील. वयानं माणसं बदलतात, कुणी चिडकी होतात, कुणी शांत होतात. त्याच्या अंगठ्यावरचा कानशीचा वण जिथल्या तिथे होता. उजव्या भुवईतला पांढरा केस होता. मी रोज सकाळी तो केस बघायचे, आणि बघितल्यावर मला स्वतःची लाज वाटायची.

५

शुक्रवारी दुपारी एका गावातल्या खाणावळीत आम्ही जेवत होतो. सशाचा रस्सा होता. बाहेर रानात शिकारीचे बार ऐकू येत होते. मी चमचा खाली ठेवला आणि सरळ विचारलं, “जिल्दास, तू असा का वागतोयस?”

तो म्हणाला, “सेर्व्होलला तू त्या बेल्जियन बाईंना जे बोललीस ना, ते ऐकलं मी. एक्केचाळीस वर्षं तुला पिडलं. म्हटलं, आता पुरे.”

त्याचे डोळे ओले होते. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याचा हात धरला. म्हटलं, मी काय, बोलून जाते. तो म्हणाला, नाही, खरंच बोललीस. किती साधी गोष्ट होती. मी बिचाऱ्याचं मन मोडलं होतं आणि वर दहा दिवस त्याच्यावर चोरासारखी पाळत ठेवली होती. मी त्याच्या वाटीत स्वतःच्या हातानं रस्सा वाढला.

तेवढ्यात कुणीतरी उठून बाहेर गेलं. खाणावळीचं दार लागलं. टक्.

जिल्दासची मान झटकन वळली. तो दाराकडे बघत राहिला. घास हातातच. तो नुसता दचकला असता तर मी समजले असते. पण तो थांबला होता. कान देऊन, श्वास धरून, दुसऱ्या आवाजाची वाट बघत. तो आला नाही, तेव्हा त्यानं सावकाश घास तोंडात घातला.

खरं म्हणजे मीही थांबले होते. मलाही सेर्व्होलचं दार आठवलं होतं. पण त्या वेळी मी माझा विचार केला नाही, त्याचाच केला. सेर्व्होलला शेवटी आत कोण होतं आणि बाहेर कोण आलं, हा प्रश्न मी तिथे, सशाच्या रश्श्यासमोर, पहिल्यांदा स्वतःला उघड विचारला. माझा जिल्दास अजून त्या कुलपाशी उकिडवा बसला असेल आणि मी भलत्याच माणसाला रस्सा वाढत असेन, तर?

मी त्याला म्हटलं, रविवारी सेर्व्होलला पुन्हा जाऊ या. एकदा बघितलेल्या गढीत जिल्दास पुन्हा कधी पाऊल टाकत नाही. या वेळी तो म्हणाला, “तुला हवं असेल तर जाऊ.”

६

महिन्याचा शेवटचा रविवार. वाटेत मी एक मोठा गोल पाव घेतला आणि माझ्या पिशवीत लपवला. सेर्व्होलला आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मादामनं मला ओळखलं. जिल्दास शिंगांखाली उभा होता तेव्हा ती माझ्याजवळ आली.

“हात तुम्हीच लावला होता ना?” ती म्हणाली. मी मानेनंच हो म्हटलं. ती रागावली नाही. दमलेली दिसली. “त्या दिवसापासून इथे दार एकदाच वाजतं.”

एकदाच वाजतं. म्हणजे जे दुसऱ्यांदा वाजवायचं ते आता इथे नाही, आमच्याबरोबर गेलं. मला तरी दुसरा अर्थ सुचला नाही. मी तिला कुजबुजत विचारलं, मग मी काय करू? तर म्हणाली, “मला विचारू नका. मी फक्त दारं ओढून घ्यायला सांगते.” मग घड्याळाकडे पाहून म्हणाली की आजचा शेवटचा दिवस, एक वाजता ती मोठ्या दाराला किल्ली फिरवते आणि मग ईस्टरपर्यंत पोर्तुगालला लेकीकडे जाते.

जेवणाच्या दालनात बारा ताटं तशीच होती. तेरावंही होतं. त्याच्याशेजारची जागा रिकामी. जिल्दास मादामच्या मागोमाग पुढे सज्जात गेला, सवयीप्रमाणे सगळ्यांच्या आधी. मी मागे राहिले. पिशवीतून पाव काढला आणि त्या ताटाशेजारी ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी पाव पालथा ठेवला. हात ऐकेना. मनगटाला आईची चापट बसल्यासारखं वाटलं. पावाच्या पलीकडे मी चष्म्याचा डबा ठेवला आणि सज्जात आले.

“जिल्दास, माझा चष्मा आत टेबलावर राहिला रे.”

माझा जिल्दास म्हणाला असता, तूच जा, मी काय नोकर आहे? हा मान हलवून लगेच निघाला. मला वाटलं होतं की असंच होणार. त्याच्या त्या चांगुलपणावरच मी सगळं बेतलं होतं, आणि तो माझ्या शेजारून गेला तेव्हा त्यानं माझ्या खांद्याला हलकेच हात लावला.

तो आत गेला. मी दाराची मूठ धरली. आता शेवटची मी होते.

दार ओढताना बिजागरीकडच्या फटीतून मला आतलं दिसलं. टेबलाशी जिल्दास वाकलेला, डबा हातात घेऊन. आणि अलीकडे, दाराच्या फळीमागे, कुलपाच्या उंचीवर, कुणीतरी उकिडवं बसलेलं. तपकिरी कोटाची पाठ. जिल्दासच्या कोटासारखाच कोट. मान खाली, आणि ती हळूहळू वर होत होती.

माझ्या मनात एकच आलं. सापडला. तोच तो, कुलपाशी बसलेला, माझा.

मी दार ओढलं. ते लागता लागता टेबलाकडून आवाज आला. वैतागलेला, आणि वैतागाखाली हसू दाबलेला. “अगं, डबा रिकामा आहे. बये, डोक्याला हात लावून...”

टक्.

मी हात मुठीवरून काढला. ‘बये’ म्हणणारा तो आवाज कुठून आला, हे मला कळलं होतं. पण कळूनही मी ते मनाच्या आत येऊ दिलं नाही. मादाम सज्जाच्या टोकाशी पाठ करून उभी होती. बाहेर रानात एक बार झाला, कावळे उडाले.

मग मागे पुन्हा, टक्. आणि सावकाश पावलं. आणि गुणगुणणं, नाकातल्या नाकात.

मी वळून पाहिलं नाही. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, एक पाऊल मागे. त्यानं डबा माझ्या हातात दिला. “एकदाच ओढलंत ना?” मादामनं विचारलं. मी हो म्हणाले.

७

बाहेर पडताना तो मोठ्या दाराशी थांबला, कुलपावर वाकला, बोट फिरवलं. मादाम किल्ली घेऊन खोळंबली. मी नेहमीसारखी वैतागून म्हणाले, चल रे बाबा. आणि मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. बघा, मागे राहतोय. कुलूप बघतोय. गुणगुणतोय. अजून काय हवं? फाटकातून गाडी काढताना मागे किल्ली फिरल्याचा आवाज आला. मादामची गाडी आमच्या मागोमाग निघाली आणि वळणावर दुसऱ्या रस्त्याला लागली.

वाटेत लक्षात आलं की तो तीनच सूर गुणगुणतोय. पुन्हा पुन्हा तेच तीन. पण आपण दमलेलो असतो, काहीही ऐकतो.

नदीकाठच्या त्याच अक्रोडाखाली मी गाडी थांबवायला सांगितली. झाडावरून खाली पडलेले अक्रोड गवतात दिसत होते. मी रुमाल पसरला, चीज काढलं, टोमॅटो चिरले. मी बडबड करत होते, रस्त्याबद्दल, हवेबद्दल. त्यानं जेवणाच्या पिशवीतून आमचा दुसरा पाव काढला. क्षणभर हातात धरला. आणि पालथा ठेवला.

देवा, किती सुटल्यासारखं वाटलं. मी हात मांडीवर दाबून धरला, पावाकडे जाऊ दिला नाही. आणि एक्केचाळीस वर्षांचं माझं वाक्य म्हणाले, नेहमीच्या चिडक्या आवाजात, फक्त त्याचं उत्तर ऐकायचं म्हणून.

“जिल्दास, पाव सुलटा ठेव, अपशकुन असतो.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पाव दोन्ही हातांनी उचलला आणि तसाच धरून थांबला.

“कसा ठेवू?” तो म्हणाला. “तू सांगशील तसा ठेवतो.”

पलीकडच्या टेकाडावर सेर्व्होलचं छप्पर दिसत होतं. सगळ्या खिडक्यांच्या झडपा लावलेल्या होत्या. मी डबा उघडून पाहिला, तो रिकामा होता. मग हात वर नेला. चष्मा डोक्यावरच होता.